दाराला आतनं कडी

भरे, ११ ऑगस्ट २०२५

शुभांगी,

कामाचं लिवतोय, म्हून आधी कामाचंच. ख्यालीखुशाली मेधा तुला कळवतीच.

फोन केला असता. पर फोनवर तू "हं" म्हणतीस, मी "बरं" म्हणतो, आन् मंग आधी कोण ठेवतंय याची दोघं वाट बघतो. दोन वर्सं तेच चाललंय. त्यापरीस कागद बरा. मी लिवणार आन् सूनबाई फोटो काढून तुला धाडणार. म्हंजे हे पत्र ती बी वाचणार. वाच बाई मेधा, तुज्याबद्दल वंगाळ काय लिवत न्हाई.

तर काम असं. गेल्या म्हैन्यात करवंदवाडीच्या वरच्या डोंगराला भेगा गेल्या. माणसं वाचली, जनावरं वाचली. दोन घरं बसली, आन् बाकीची राहण्याजोगी न्हाईत म्हून सगळी वाडी खाली आणली. तालुक्याची माणसं जागा बघत हिंडत व्हती. आपलं पत्र्याचं गोडाऊन कंपनीवाल्यानं सोडल्यापास्नं रिकामंच पडलं व्हतं. तुजा भाऊ कैलास म्हणला, थांबू, भाड्यानं जाईल. मी चावी देऊन टाकली. आता तितं मधी जुन्या साड्या बांधून खोल्या केल्यात, आन् सगळी वाडी एका छपराखाली राहती. एकाला खोकला आला की पार टोकापातुर ऐकू जातो.

त्यात बहिरूची पोरगी हाय, पिंकी. आठ वर्साची. तिला लघवी धरत न्हाई. रातचं तर न्हाईच, दिवसा बी न्हाई. डोंगरावर असं काय न्हवतं म्हणत्यात, हितं आल्यापास्नं सुरू झालं. पत्र्याखाली वास कोंडतो, साडीपलीकडची माणसं कुरकुर करत्यात. शाळंत पोरांनी तिला नाव ठेवलं, ते मी लिवत न्हाई. आता ती शाळंत जातच न्हाई. आजी हाय तिची, गंगूबाई, ती दुपारनंतर पाण्याचा थेंब देत न्हाई पोरीला. आन् बहिरू म्हणतो, नवी घरं मिळंस्तवर हिला महाडला मावशीकडं ठेवतो. नवी घरं कवा मिळणार ते कुणालाच ठावं न्हाई. पोरीनं तवापास्नं जेवण सोडलंय.

मला कसं कळलं, तर मी दिस उगवायच्या आधी पाण्याच्या मोटरीच्या खोलीमागं कापडं धूत असतो. कशाला, ते सोड. ती बी तितंच आली, फ्रॉक धुवायला. मला बघून पळाली न्हाई. म्हणली, "आबा, तुमी बी?"

मी म्हणलं, "मला म्हातारपणी झोप येत न्हाई."

ती म्हणली, "मला येती, म्हून तर व्हतं."

तू तिकडं जॉर्डनला निर्वासितांच्या छावणीत लेकरांचं हेच काम करतीस असं मेधा म्हणती. मी आजपातुर लोकास्नी "पोरगी परदेशात दवाखान्यात हाय" येवढंच सांगत आलो. तर काय करावं ते कळव. बहिरू तिला गाडीत बसवायच्या आत कळव.

आबा

ताई, मी मेधा. हे पत्र चार दिवस चाललं होतं. तीन कागद फाडून झाले. तुम्ही रागावलेल्या असाल तर असा, पण उत्तर नक्की द्या. ते दिवसातून दहा वेळा माझ्या मोबाईलकडे बघतायत आणि मी बघितलं की खिडकीबाहेर बघतायत.


भरे, २२ ऑगस्ट

शुभांगी,

तुजं उत्तर मेधानं मोठ्या अक्षरात छापून दिलं. दोनदा वाचलं. खरं सांगू, राग आला. मी औषध विचारलं आन् तू मला संडास विचारतीस. कुटं हाय, किती लांब हाय, दाराला आतनं कडी हाय का, दिवा हाय का, लहान लेकराचे पाय टेकत्यात का. म्हणलं, हिला येवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी?

पर विचारलंस म्हून बघायला गेलो. 

ओढ्याच्या पलीकडं प्लॅस्टिकच्या दोन खोल्या आणून ठेवल्यात. मधी चिखल, त्याच्यावर एक फळी. दिवा न्हाई. दाराला कडी व्हती, ती मोडली. वारा आला की दार उघडतं. मी आत जाऊन बघितलं. एका हातानं दार धरायचं म्हणलं तर एकाच हातानं काय काय करायचं. आन् बाहेर एक काळं कुत्रं बसलेलं, ते हालायला तयार न्हाई. सत्तरीचा गडी मी, मला बी तितनं कवा निघीन असं झालं.

पिंकी तिचं करडू घेऊन गोठ्याच्या कट्ट्यावर बसली व्हती. तिला विचारलं, "तू तितं जातीस का?"

"आई आसली की जाते. ती दार धरती."

तिची आई पिरंगुटला कंपनीत कामाला जाती, सांजच्याला येती.

"आन् आई नसली मंग?"

"मंग धरते."

"कवापातुर?"

"निसटंस्तवर."

"आन् दुसरं?"

करडाचे कान चोळत म्हणली, "ते मी चार-चार दिस करतच न्हाई."

तू लिवलं व्हतंस तसंच निघालं सगळं. पोट साफ न्हाई की लघवीच्या पिशवीला जागा राहत न्हाई. ते वाचून मी मगाशी चिडलो व्हतो आन् आता कट्ट्यावर बसून मान हलवत व्हतो. 

मंग कैलासला बोलावलं. गोडाऊनच्या भिंतीला लागून कंपनीवाल्याची जुनी मोरी हाय, म्हणलं हितं दोन संडास काढायचे. तो म्हणला, "आबा, भाड्याच्या खोल्या समोरच हायेत. भाडेकरू काय म्हणतील?"

मी म्हणलं, "भाडेकरू जात न्हाईत का?"

तो हसला आन् गवंडी घेऊन आला. हाय तसा चांगला, बोलायला वाकडा. आता आत बल्ब हाय, पाण्याची तोटी हाय, पाय टेकायला दगडाची पायरी हाय. कडी लहान लेकराच्या हाताला लागंल अशी खाली बसवली. मोठ्या माणसाला वाकून लावावी लागती. वाका म्हणलं.

पहिल्या दिवशी पिंकी आत गेली, कडी लावली आन् आतनं वरडली, "ढकला आबा."

मी ढकललं.

"जोरात ढकला."

जोरात ढकललं. दार हाललं न्हाई. आतनं हसण्याचा आवाज आला. मी पहिल्यांदाच ऐकला तिचा. मंग सगळ्या लेकरांनी रांग लावली, आत जायचं आन् आमच्याकडनं दार ढकलून घ्यायचं. कैलासचा अर्धा दिस त्यातच गेला.

पौडच्या डॉक्टरीणबाईंना बी दाखवलं, तू म्हणलीस तसं. लघवी तपासली, त्यात दोष निघाला, त्याच्या गोळ्या दिल्या. पोट साफ व्हायचं औषध दिलं. बाईंनी कंबर, पाय सगळं बघितलं, म्हणल्या बाकी काय बिघाड न्हाई, धीर धरा. बहिरूला म्हणल्या, हिला कुटं धाडू नका, ही जितं नीट झोपती तितंच राहू द्या. बहिरूनं बाहेर आल्या आल्या महाडला फोन लावला, पोरगी येत न्हाई म्हून सांगितलं. त्याला वाटलं व्हतं, पोरगी मुद्दाम करती.

एक विचारायचं राहिलं. समजा, सत्तरीचा गडी असंल, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असंल आन् त्याला असाच तरास असंल, तर त्याला बी हेच करायचं का? भरे गावातला एक हाय. नाव विचारू नको.

आबा


भरे, ६ सप्टेंबर

शुभांगी,

त्या माणसाला तुजा व्यायाम सांगितला. लघवी मधीच अडवताना आपण आवळतो तसं आवळायचं, दमानं मोजायचं, सोडायचं. तो म्हणतो, हे बरं हाय, नुसतं बसल्यासारखं दिसतं, कुणाला कळत बी न्हाई. पारावर विश्रामशी बोलता बोलता त्यानं केलं. विश्राम म्हणला, "मी जोक सांगतोय आन् तू एवढा गंभीर का?"

"डॉक्टरला दाखवा" हे तू तीनदा लिवलंस. तो न्हाई म्हणतो. लई हट्टी माणूस हाय.

आता गंगूबाईचं ऐक. मी तिला म्हणलं, माजी लेक सांगती की पोरीला दिवसभर भरपूर पाणी पाजा. ती कमरेवर हात ठिवून उभी राहिली. "पाणी पाजून लघवी थांबती व्हय? तुमची लेक शिकलेली हाय का न्हाई?"

मी तुजा कागदच वाचून दाखवला. पाणी कमी पडलं की लघवी कडक व्हती, पिशवीला झोंबती, पोरीला दर घटकेला लागती. सकाळपास्नं नीट पाजायचं आन् झोपायच्या आधी थोडं कमी करायचं. ठरल्या वेळेला तिला संडासला बसवायचं, "लागली का" म्हून विचारायचं न्हाई, खेळणारं लेकरू न्हाईच म्हणणार. आन् वरडायचं न्हाई.

गंगूबाई म्हणली, "मंग पाजा दिवसभर. रातीचं अंथरूण तुमी धुवा."

मी म्हणलं, "धुतो." ती माज्याकडं बघतच राहिली.

मंग बहिरूनं मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हातारी रोज पोरीला कोरड्या बाजूला सरकवती आन् सोता वल्यात झोपती. ह्या पावसात गोधडी वाळत न्हाई, दुसरी न्हाई. तिचं भांडण पाण्याशी न्हवतंच. मेधाला सांगितलं तर तिनं येताना मेणकापडाचा गठ्ठा आणला आन् हापिसातल्या मैतरणींकडच्या जुन्या चादरी. वाडीतल्या बायांनी बसून खालनं मेणकापड, वरनं दोन पदर चादर अशी लहान अंथरुणं शिवली. वलं झालं तर येवढंच काढायचं, धुवायचं, दुसरं घालायचं. आन् वाळत टाकायला मी मोटरीची खोली दिली, तितं बल्ब लावून ऊब केली. माजी बी कापडं तितं असत्यात, म्हंजे साधी कापडं.

चार अंथरुणं जादा झाली व्हती. दुसऱ्या दिवशी बघतो तर एक बी शिल्लक न्हाई. कुणी नेली ते कुणीच बोललं न्हाई. एकट्या पिंकीचं न्हवतं तर.

आबा

ताई, मी मेधा. भरे गावातला तो माणूस कोण, हे तुम्हाला कळलं असेलच. मी काही बोललेले नाही. आज जेवताना पण गंभीर होते.


भरे, २६ सप्टेंबर

शुभा,

हे पत्र मोठं व्हणार. मेधाला आधीच सांगितलंय, पानं नीट क्रमानं फोटो काढ.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला देवीपुढं भजन व्हतं. दोन वर्सांत मी देवळात बसलेलो न्हाई. उभ्यानं हात जोडायचे आन् माघारी. पर पिंकी माजा हात धरून म्हणली, "आबा, चला की. मी एकटी गेले तर मला मागं बसवत्यात." बरेच दिवस दिवसाची ती कोरडी राहत व्हती. नवा फ्रॉक, मेधानं दिलेला. न्हाई कसं म्हणू?

गेलो. सतरंजीवर बसलो, ती माज्याशेजारी. भजन रंगलं. मला लई बरं वाटलं, शुभा. टाळ माज्या हातात आला, मी बी वाजवला. मंग कुणीतरी धुपाटणं माज्या नाकापुढनं नेलं आन् मला शिंक आली. एक न्हाई, चार.

पुढचं तुला सांगायला नको. तू त्याच कामातली हाईस.

मी तसाच बसून राहिलो. म्हणलं सगळे उठले की मागनं उठीन. पर आरतीला सगळ्यांनाच उठावं लागतं. उठलो, बाजूला सरलो, आन् आपल्याच आळीतल्या एका बाईला सतरंजीवरचा डाग दिसला. ती केवढ्यानं तरी म्हणली, "आगं बया, ह्या पोरीला हितं कुणी आणून बसवलं? देवीपुढं तरी कळायला नको का?"

सगळे पिंकीकडं बघाया लागले. पिंकी माज्याकडं बघत व्हती. तिला ठावं व्हतं. पयल्या दिवसापास्नं तिला ठावं व्हतं, मोटरीच्या खोलीमागं. तिचे डोळे भरले, पर तोंडातनं शब्द काढला न्हाई तिनं. माज्यासाठी गप बसली.

मी म्हणलं, "ते तिचं न्हाई. माजं हाय."

ती बाई म्हणली, "काय आबा, पोरीला पाठीशी घालताय."

मंग मी पाठमोरा झालो. पायजमा सगळ्यांना दिसला.

तुला सांगतो, टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पर आपला पेटीवाला एका कानानं बहिरा, त्याला वाटलं आरतीला उशीर हाय, त्यानं दणक्यात पुढचं भजन सुरू केलं. कुणीतरी फिसकन हसलं. मंग मलाच हसू आलं. आन् पिंकी मधोमध उभी राहिली, फ्रॉकचा घेर धरून गोल फिरली आन् म्हणली, "मी कोरडी हाय. बघा."

गंगूबाई पुढं आली. सतरंजीचं एक टोक उचललं आन् त्याच बाईला म्हणली, "धर तिकडचं टोक. धुतली की झालं." त्या बाईनं गुमान धरलं. दोघी सतरंजी घेऊन नळाकडं गेल्या, आन् बाकीच्यांनी उघड्या फरशीवर उभं राहून आरती केली. मी बी केली. घरी गेलो न्हाई. 

मला वाटलं व्हतं, असं कवा झालं तर मी मरून जाईन. मी तर उलट दोन वाट्या प्रसाद खाल्ला.

दुसऱ्या दिवशी विश्राम आला. हिकडचं तिकडचं बोलला, पावसाचं बोलला, मंग चपलेकडं बघत म्हणला, "तुजी लेक कसला व्यायाम सांगती म्हणं?" त्याला पाच वर्सं झालीत. आमी रोज पारावर शेजारी शेजारी बसतो आन् दोघं बी तासाभरात काय ना काय काम काढून उठतो. आता पारावर दोन गंभीर माणसं हायेत.

आता खरं ते लिवतो. भरे गावातला तो माणूस कोण, ते तुला कळलंय.

तुज्या लग्नाच्या महिनाभर आधी माजं ऑपरेशन झालं, ते तुला ठावं हाय. पुढचं कुणाला ठावं न्हाई. डॉक्टर म्हणले व्हते, काही दिवस असा तरास व्हईल, परत दाखवायला या. मी गेलो न्हाई. नर्सबाई तरणी व्हती, तिच्यापुढं काय बोलायचं. तरास काही दिवसांचा राहिला न्हाई. कोथरूडला हॉलमधी तुजं लग्न. पांढरं धोतर नेसून, पुढच्या खुर्चीवर, सगळ्या पाव्हण्यांपुढं दोन-तीन तास. मी रोज ते मनात बघायचो आन् रोज त्यात माज्या खुर्चीखाली पाणी असायचं.

तू फोन केलास, "आबा, येताय ना?" मी म्हणलं, "तुज्या मनानं ठरवलंस, तुज्या मनानंच कर." भाऊबंद माज्यामागं म्हणले, जयसिंगला अकोल्याचा जावई पसंत न्हाई. मी न्हाई म्हणलं न्हाई. रागावलेला बाप चारचौघांत खपून जातो, वला न्हाई खपत. म्हून राग धरला, आन् एकदा धरल्यावर खाली कुटं ठिवायचा ते कळंना.

त्या दिवशी मी घरीच व्हतो. नवं धोतर नेसून बसलो व्हतो. ते बी कुणाला ठावं न्हाई, आता मेधाला कळंल.

निरंजनला सांग, त्याच्यात काय कमी न्हवतं. मी त्याला धड बघितलं बी न्हाई.

आबा


२९ सप्टेंबर

आबा,

तुमचं पत्र मी तंबूत उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग निरंजनला वाचून दाखवलं, कारण तुमचं अक्षर त्याला लागत नाही.

मी या कामात आठ वर्षं आहे. रोज कुणा ना कुणा आईला सांगते, लेकरू मुद्दाम करत नाही, त्याला लाज नका देऊ. ऑपरेशननंतर असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. तरी माझ्या मनात एकदाही आलं नाही की तुम्हाला विचारावं. तुम्ही रागावलात म्हटल्यावर मीही रागावले, ते सोपं होतं. अजून थोडा राग आहे. तो लग्नाचा नाही. दोन वर्षं तुम्ही अंधारात उठून थंड पाण्यात कपडे धुतलेत, त्याचा आहे. एक फोन केला असता तर दोन-तीन महिन्यांत अर्धा त्रास कमी झाला असता.

इथे एक आजोबा आहेत. त्यांचा नातू रोज ओला होतो म्हणून ते त्याला तंबूबाहेर पडू देत नाहीत. काल मी त्यांना देवळातली गोष्ट सांगितली, दुभाष्याकडून. देवीचं भजन आणि सतरंजी त्याला नीट सांगता येईना, पण "ते माझं आहे" हे त्याने बरोबर सांगितलं. आजोबा इतके हसले की त्यांना तंबूचा खांब धरावा लागला. आज नातवाला घेऊन आले. आणि तपासून झाल्यावर नातवाला बाहेर पाठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले.

तेव्हा आबा, तुम्ही डॉक्टरकडे जा. पिंकीला नेलंत तसं स्वतःला न्या. मेधाबरोबर नको वाटलं तर विश्रामकाकांबरोबर जा. 

निरंजन म्हणतो, धोतर नेसून बसला होता त्याचा एखादा फोटो असेल तर पाठवा. नसेल तर पुन्हा नेसून काढा.

शुभा


भरे, १२ नोव्हेंबर

शुभा,

मेधानं काढलेला फोटो मिळाला असंल. धोतर तेच हाय, पोट वाढलंय.

विश्राम आन् मी पुण्याला जाऊन आलो. जायच्या आधी मेधानं मोबाईलवर रस्त्यातले सगळे संडास शोधून दिले व्हते, तसे उतरत उतरत गेलो. डॉक्टर म्हणले, दोन वर्सं काय करत व्हता? विश्राम म्हणला, "राग." आता औषध हाय, व्यायाम शिकवणारी बाई हाय, ती बी तरणीच हाय. मी तिला सगळं सांगितलं. तिला त्यात काय बी वाटलं न्हाई. मंग मला वाटून काय उपयोग? निम्म्याच्या वर फरक हाय. बाहेर जाताना आत घालायचं एक कापड मिळतं, ते घातलं की मी बिनघोर.

पिंकी शाळंत जाती. किमयाबाई तिच्या वर्गाला हायेत, तुज्या कागदाचा त्यांना बी एक फोटो दिला. त्यांनी वर्गाला सांगून टाकलं की कुणालाबी लागली तर हात वर न करता जायचं, विचारायचं न्हाई. पहिले दोन दिवस वर्गात कुणी राहिलंच न्हाई म्हणं. मंग जागेवर आलं.

दिवाळीत एक गोष्ट झाली. पिंकी पंधरा-वीस दिवस रातीची बी कोरडी व्हती. पाडव्याच्या सकाळी उठली तर अंथरूण वलं. पोरगी साडीच्या मागं जाऊन बसली, बाहेरच येईना. म्हणली, सगळं फुकट गेलं. मी तिला म्हणलं, "माजं बी काल झालं. चकली खाताना हसलो तवा." ती म्हणली, "खरं?" मी शपथ घेतली. गंगूबाईनं आमचं ऐकलं आन् म्हणली, "झालं ना दोघांचं? मंग दोघं बी उठा, आपापलं वाळत टाका आन् आंघोळीला लागा. आज पाडवा हाय." आमी दोघं मोटरीच्या खोलीत गेलो. दोरीवर एका बाजूला तिचं, एका बाजूला माजं. ती म्हणली, "आबा, तुमचं मोठं हाय." मी म्हणलं, "वयानं."

महाडची मावशी दिवाळीला हितंच आली. पोरीला न्यायला न्हवं, बघायला. 

गंगूबाई आता सगळ्या लेकरांना तांब्या घेऊन पाणी पाजत हिंडती. कुणी न्हाई म्हणलं की म्हणती, "जॉर्डनच्या बाईनं सांगितलंय." तुजं नाव तिनं तेच ठिवलंय.

आबा


करवंदवाडी, नवी वसाहत, १६ फेब्रुवारी २०२६

शुभा,

वरचा पत्ता बघून चमकली असशील. मी पिंकीच्या घरी हाय. सकाळ झालीया, गंगूबाईनं च्या दिलाय आन् मी वट्यावर बसून लिवतोय. मेधा हितं न्हाई, म्हून फोटो सांजच्याला निघंल.

गावाच्या वरल्या अंगाला वाडीला जागा मिळाली. एकेक करत सगळी घरं झाली, त्यात बहिरूचं बी झालं. दोन खोल्या, पुढं वटा, आन् संडास घरालाच लागून. पिंकीनं मला आधी तोच दाखवला, मंग देव्हारा. वाडी जाताना गोडाऊनमधल्या साड्या सोडल्या, आन् शेड येवढी मोठी हाय हे मला त्या दिवशी कळलं. करमंना मला. कैलास म्हणतो आता भाड्यानं देऊ. देईल. पर परवा तोच तितं एकटा उभा राहून संडासाचं दार ढकलत व्हता.

चार दिवसांनी पिंकी शाळंतनं थेट आपल्या घरी आली. म्हणली, "आबा, रातच्याला माज्या घरी झोपायला या."

मी म्हणलं, "कशाला? हितनं हाकेवर तर घर हाय."

"मी तुमच्याकडं येवढे दिस राहिले. आता तुमी या."

ऑपरेशन झाल्यापास्नं मी दुसऱ्याच्या घरी रात काढलेली न्हाई, शुभा. सख्ख्या भावाकडं न्हाई, तुज्या मामाच्या वास्तुशांतीला न्हाई. दुसऱ्याची गादी, दुसऱ्याची चादर. जीव घाबरा झाला. मेधाला विचारलं तर ती म्हणली, "आबा, एक रात्र तर आहे." आन् लगेच पिशवी भरली. जादा पायजमा, मेणकापड, औषध, सगळं. वर तुजा तो मोठ्या अक्षरातला कागद बी घातला, काय कामाचा व्हता कुणास ठाऊक.

रातीला पिठलं-भाकरी झाली. बहिरूनं डोंगरावरच्या गोष्टी सांगितल्या. पिंकीनं माजं अंथरूण सोता घातलं. खाली मेणकापड घातलं आन् मोठ्या माणसासारखी म्हणली, "झालं तर झालं. उगा जागं बसू नका." मंग मला संडासचा दिवा कुटनं लावायचा ते दाखवलं, आन् तिच्या जागंवर जाऊन झोपली. मी जागाच राहणार व्हतो. कवा डोळा लागला कळलं बी न्हाई.

पहाटं कोंबडा आरवला तवा जागा झालो. आधी हात फिरवून बघितलं. मंग उठून बसून बघितलं. पिंकी पलीकडनं टकटका बघत व्हती. कवाची जागी व्हती देव जाणे.

"आबा?" ती म्हणली.

"कोरडा," मी म्हणलं. "तू?"

"मी तर आता रोजच," ती म्हणली, आन् कूस बदलून परत झोपली.

मी वट्यावर येऊन बसलो. समोर डोंगर हाय, भेगा हितनं बी दिसत्यात, पर त्याच्यावर ऊन पडलं व्हतं आन् खाली वाडीतल्या चुली पेटल्या व्हत्या. बसल्या बसल्या मनात आलं, एक रात जमली तर दुसरी बी जमंल. 

कैलासला मी कालच पासपोर्टचं बोललोय. तो म्हणला, कुटं निघाला? म्हणलं, जावयाला बघायला, अजून बघितलेला न्हाई धड.

तर तुमच्याकडं यायला इमानात किती वेळ बसावं लागतं, मधी कुटं कुटं उतरायचं, आन् तितं संडास कुटं कुटं हायेत, तेवढं सविस्तर कळव. विश्राम बी येतो म्हणतोय.

आबा